काकवीला काकवीच म्हणा

मी अनुवाद केलेल्या एका कथेतून संपादकांनी तीन शब्द कापले: काकवी, आढी आणि मुरलेली. कथा बेल्जियममधली. दिवसभराचं काम आटोपून एक म्हातारा कॅफेत बसतो आणि मठाच्या पद्धतीची गडद, कडक एल पितो. त्याच्या पहिल्या घोटावर लेखकाने अख्खा परिच्छेद खर्च केला आहे, कारण त्या घोटातूनच त्याला गेलेली बायको आठवते आणि पुढची सगळी कथा त्या आठवणीवर उभी आहे. माझ्या तीन शब्दांच्या जागी छापून आलं ते असं: कॅरॅमल, फ्रूटी आणि एज्ड. परत आलेल्या हस्तलिखिताच्या समासात संपादकांनी लिहिलं होतं, ‘बिअरला काकवी शोभत नाही. वाचकाला गुऱ्हाळ आठवेल.’ त्याखाली पेन्सिलने आणखी एक ओळ होती: ‘ताई, तुम्हाला या चवी कशा ठाऊक?’

दोन्हींची उत्तरं देते. वाचकाला गुऱ्हाळ आठवावं म्हणूनच मी काकवी लिहिलं होतं. आणि या चवी मला पिऊन ठाऊक आहेत.

हा मजकूर हातात आला तेव्हा मी कुंभकोणमला होते. एका तमिळ कथासंग्रहाच्या कामासाठी दोन महिने महामहम तलावाच्या मागच्या गल्लीत, एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी, माडीवरची खोली भाड्याने घेतली होती. गल्ली त्यांना मामी म्हणते, म्हणून मीही मामीच म्हणायचे. मामींच्या घरात मराठी बोलतात. तंजावरात भोसल्यांचं राज्य १८५५ साली संपलं, पण त्या राज्याबरोबर आलेल्या कुटुंबांची बोली काही घरांत अजून टिकून आहे. मामी देवनागरी अडखळत वाचतात, हिशेब तमिळमध्ये लिहितात आणि रागावल्या की मराठीत रागावतात.

त्याच आठवड्यात माझी मावसबहीण गेंटहून आली. चेन्नईला विमानातून उतरली ती थेट कुंभकोणमला, देवळं बघायला. तिने कपड्यांत गुंडाळून एक बाटली आणली होती: सेंट बर्नार्डस अब्ट १२. वाटू नावाच्या गावातली, १० टक्के मद्यार्काची. आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणून विकली जाणारी बिअर साधारण आठ टक्क्यांच्या आत असते, यावरून अंदाज यावा. हिचं कूळही मठातलंच. १९४६ पासून १९९२ पर्यंत शेजारच्या वेस्टव्लेटरेनच्या सेंट सिक्स्टस मठाच्या परवान्याखाली या कारखान्यात एल बनत असे. आज ती मठाची राहिलेली नाही, पण घडण तीच आहे.

फ्रिजमधून काढून अर्धा तास तशीच ठेवली, कारण अशी एल बर्फासारखी गार प्यायली तर निम्मी चव झोपून राहते. काचेच्या साध्या ग्लासात ओतली. रंग तपकिरी, उजेडाकडे धरला की कडेला लालसर. वर दाट, मळकट पांढरा फेस. तेवढ्यात मामी कॉफी घेऊन वर आल्या. आम्ही दोघी शाळेतल्या मुलींसारख्या दचकलो. बहिणीने धीर करून विचारलं, ‘मामी, नुसता वास घ्यायला काय हरकत आहे?’

मामींनी ग्लास हातभर लांब धरला. हुंगला. मग जवळ आणला आणि पुन्हा हुंगला.

‘करुप्पट्टी,’ त्या म्हणाल्या. ‘पाक जरा पुढे गेला की असा वास येतो. आणि केळं. फार पिकलेलं.’

ग्लास खाली ठेवला, खाली गेल्या आणि हात धुतल्याचा आवाज आला.

करुप्पट्टी म्हणजे ताडगूळ. मामींनी आयुष्यात कधी बिअर चाखलेली नाही, तिच्यावरचं एक पानही वाचलेलं नाही. तरी दोनदा हुंगून त्यांनी जे सांगितलं ते नेमकं होतं. या एलचा रंग आणि गोडी नुसत्या भाजलेल्या सातूतून येत नाही. बेल्जियममध्ये तिच्यात गडद साखरेचा पाक घालण्याची पद्धत आहे. तिकडे साखर बिटाची, इकडे गूळ ताडाचा किंवा उसाचा. पण गोड रस आटवत गडद होईपर्यंत नेला की जो वास सुटतो, तो दोन्हीकडे एकाच घराण्यातला. केळ्याचं म्हणाल तर यीस्ट साखर खाताना आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं एक रसायन तयार करतं, आणि पिकलेल्या केळ्याचा वासही त्याच रसायनाचा. म्हणजे मामींनी उपमा दिली नव्हती. त्यांनी वस्तू ओळखली होती.

आता संपादकांकडे येते, आणि त्यांच्याबरोबर आपल्या सगळ्यांकडे, कारण हे मत त्यांच्या एकट्याचं नाही. मराठीत मद्याच्या चवीला शब्द नाहीत, म्हणून ते इंग्रजीतून घ्यावे लागतात, असं मी वीस वर्षं ऐकते आहे. परिसंवादांत ऐकलं, अनुवादाच्या कार्यशाळांत ऐकलं, नाशिकच्या द्राक्षमळ्यांतल्या चव-वर्गांतही ऐकलं. तिथे पिंपळगावचा बागायतदार शेजारी उभा असतो आणि त्याच्याच द्राक्षाच्या वाईनचं वर्णन त्याला ब्लॅकबेरी आणि गूजबेरीच्या भाषेत समजावलं जातं. ही दोन्ही फळं त्याने पाहिलेली नसतात. जांभूळ आणि करवंद त्याच्या बांधावर असतात. पण ती बोलायची नसतात.

माझं म्हणणं असं, की शब्द नाहीत ही सबब आहे. शब्द आहेत, परवानगी नाही. आणि ती परवानगी नाकारण्याचं काम व्याकरण करत नाही, आपली अब्रू करते.

ज्या इंग्रजीपुढे आपण हात जोडतो, तिच्याकडे ही भाषा जन्मापासून नव्हती. बिअरच्या प्रकारांची जी वर्गवारी आज जगभर प्रमाण मानली जाते, तिचा पाया मायकल जॅक्सन नावाच्या इंग्रज पत्रकाराच्या १९७७ सालच्या पुस्तकाने घातला. (गायकाशी गल्लत नको.) बिअरच्या चवींचं चक्र मॉर्टन माइलगार्ड या डॅनिश रसायनतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात जुळवलं. वाईनच्या वासांचं चक्र कॅलिफोर्नियात अ‍ॅन नोबल यांनी १९८० च्या दशकात केलं. म्हणजे ही सगळी परंपरा माझ्याच वयाची आहे. आणि या लोकांनी केलं काय? घरातले वास घेतले. केळं, लवंग, मध, भाजलेला पाव, ओलं गवत, रबर, घोड्याच्या पाठीवरची घोंगडी. स्वयंपाकघर आणि तबेला उचलून प्रयोगशाळेत नेला, आणि त्याची परिभाषा झाली. त्यांच्या तबेल्याची परिभाषा होते आणि आमच्या गुऱ्हाळाने परिच्छेदाला डाग लागतो, हा कुठला न्याय?

शब्दांचं दारिद्र्य म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशेब मांडते. भाजण्याच्या एकाच क्रियेच्या पायऱ्या बघा: खमंग, खरपूस, करपट, धुरकट. इंग्रजीतला ‘रोस्टेड’ या चौघांच्या मध्ये कुठेतरी उभा राहतो आणि कुठे उभा आहे ते सांगत नाही. कडू, कडसर, कडवट या तिघांत जे अंतर आहे ते कुठल्याही मराठी जिभेला कळतं. फळं पिकून गोडी आंबण्याच्या उंबऱ्यावर आली की जो वास येतो, त्याला शब्द नाही म्हणे. आंब्याची आढी घातलेल्या खोलीचं दार उघडा. ‘आढीचा वास’ म्हटल्यावर गवत, ऊब, गोडी आणि किंचित आंबूसपणा हे सगळं दोन शब्दांत येतं. ‘फ्रूटी’मध्ये कुठलं फळ, कच्चं की पिकलं, यातलं काही नाही. तो आइस्क्रीमच्या पाटीवरचा शब्द आहे.

आणि ‘एज्ड’? माणूस म्हातारा होतो, इमारत जुनी होते, पण लोणचं मुरतं. मुरण्यात काळ आहे, आणि त्या काळात आत काय घडलं तेही आहे. मीठ, फोड आणि तेल यांनी आपापला ताठा सोडून एकमेकांत शिरणं आहे. अब्ट १२ सारखी एल बाटलीत भरल्यावरही जिवंत असते. थोडं यीस्ट आणि थोडी साखर बाटलीत राहतात आणि दुसऱ्यांदा आंबतात. महिने जातात, तिखा उतरतो, चव एकजीव होते. याला मुरणं म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? हा शब्द इंग्रजीकडे असता तर त्यांनी तो सगळ्या भाषांना विकला असता.

कुंभकोणममध्ये बसून हे लिहिण्याला आणखी एक कारण आहे. परकी चव मराठीत लिहिण्याची भीती या मुलखाला नव्हती. इथून चाळीस किलोमीटरवर तंजावर. तिथे दुसऱ्या सरफोजींनी (१७९८ ते १८३२) सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. त्या ग्रंथालयाने ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ म्हणून छापलेलं पाकशास्त्र त्यांच्याच काळातलं, मूळ मराठीत. त्यात इंग्रजी पद्धतीच्या पदार्थांनाही जागा आहे. साहेबाचा पदार्थ म्हणून लिहिणाऱ्याने मराठी सोडली नाही. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, तमिळ-तेलुगूच्या गराड्यात, तंजावरच्या राजवाड्यातल्या मराठीची जी छाती होती, ती आज पुण्यातल्या मराठीची का नसावी?

कॉफीचीही गोष्ट अशीच. आज या गावाचं नाव महामार्गावरच्या पाट्यापाट्यांवर आहे ते ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’मुळे. पितळेचा टंबलर आणि डवरा, चिकोरी घातलेला डिकॉक्शनचा दाट काळा पहिला उतार, पाणी न घातलेलं दूध. ‘डिग्री’ कशाची यावर मामींच्या ओट्यावर रोज एक मत निघतं. कोणी म्हणतं दुधाच्या मापाची, कोणी म्हणतं ‘चिकोरी’चाच अपभ्रंश. पण शंभर वर्षांपूर्वी हीच कॉफी तमिळ घरांत घुसली तेव्हा तिच्यावर दारूसारखेच आरोप झाले होते: जुनं अन्न सुटतं, व्यसन लागतं, बायका बिघडतात. इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांनी २००६ सालच्या पुस्तकात हा सगळा गदारोळ नोंदवला आहे. मग काय झालं? तमिळ माणसाने कॉफी प्यायली आणि तिच्याबद्दल बोललाही. चांगली कोणती, पाणचट कोणती, चिकोरी कुठे जास्त झाली, दूध कुठे उतू गेलं. मामी एका घोटात सांगतात की पावडर कालची आहे. चवीची भाषा अशीच बनते, बोलून.

आपण मात्र प्यायलो आणि बोललो नाही. का, ते शोधायला फार लांब जायला नको. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्या नाटकाने मराठीला दारूचा सगळा शब्दसंग्रह दिला: पहिला प्याला, शेवटचा प्याला, ऱ्हास, पश्चात्ताप. चव तेवढी दिली नाही, आणि नाटकाचं ते कामही नव्हतं. पण नंतर शंभर वर्षं आपण तेच नाटक लिहीत राहिलो. मराठी गद्यात दारू एकतर सर्वनाश करते नाहीतर मर्दुमकी गाजवते. ‘किती घेतलीस?’ असं विचारतात. ‘कशी होती?’ असं विचारल्याचं मला एकाही कथेत आठवत नाही. गंमत अशी, की त्याच १९१९ साली बेल्जियमनेही दारूबंदीचा एक कायदा केला. कॅफेत जिन विकायला मनाई झाली. तो वांदरवेल्ड कायदा १९८३ पर्यंत टिकला. तिथल्या बिअर इतक्या कडक होण्याचं एक कारण म्हणून या कायद्याकडे बोट दाखवतात, कारण जिनची ऊब गिऱ्हाइकाला आता बिअरमध्ये हवी होती. निर्बंध त्यांच्यावरही होता. त्यांनी त्यातून चव घडवली, आपण त्यातून मौन घडवलं. आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे, आणि प्यायला लागणारा परवाना ‘आरोग्यरक्षणासाठी’ मिळतो. सरकारदरबारी मराठी माणूस चवीसाठी पीतच नाही. तो औषध घेतो.

इथे कोणीतरी उठून विचारेल, आणि विचारावंच: गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, गावोगावच्या बायकांनी मतदान करून ‘आडवी बाटली’ला कौल दिला, दुकानं बंद पाडली, त्यांच्यासमोर तू एलच्या वासांचं कौतुक करणार? हा आक्षेप मी घरातून ओळखते.

माझे धाकटे काका कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळावर गुळव्या होते. काहिलीतला पाक कधी काकवीच्या पलीकडे जाऊन गुळाला येतो, ते त्यांना वासावर कळायचं. बोटभर पाक गार पाण्यात सोडून ते गोळी बघायचे, पण ते इतरांच्या समाधानासाठी. ‘आला’ असं नाक आधीच सांगायचं. मला खमंग आणि करपट यांतला फरक त्यांनी शिकवला, चुलवाणाच्या धगीत उभं करून. तेच काका संध्याकाळी देशी दारू प्यायचे, उभ्याने, नाक मुरडून, एका दमात, आणि तोंड बाहीला पुसायचे. घरात तिला नाव नव्हतं. आजी म्हणायची, ‘तो ते घेऊन आलाय.’ चोपन्नाव्या वर्षी ते गेले, तेव्हाही ‘त्या’नेच गेले.

चवीचे शब्द असते तर काका वाचले असते, असं मी म्हणत नाही. शब्दांनी यकृत सुधारत नाही. आडव्या बाटलीला मत देणाऱ्या बाईशी माझं भांडणच नाही. मी त्या गावात असते तर माझंही मत तेच पडलं असतं. पण ती बाई दारूला दारू म्हणते, मोठ्याने, चावडीवर. मौन पाळतो तो आमचा सुशिक्षित वर्ग. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झालं, मागून इतर आले. आता शनिवारी संध्याकाळी तिथल्या टेबलांवर जे चालतं, ते सोमवारी त्याच्या लेखनात येताना एकतर इंग्रजी होतं नाहीतर गळून जातं. गावच्या दारूचं दुःख मराठीत आणि शहरातल्या दारूचं सुख इंग्रजीत, अशी ही वाटणी आहे. तिच्यात मराठीच्या वाट्याला फक्त यकृत येतं. ज्या नाकाने काकांनी गूळ ओळखला, तेच नाक अब्ट १२ ओळखतं. ते नाक गुऱ्हाळात हुशार आणि कॅफेत अडाणी ठरवायचं, ही जातिव्यवस्था मी मानायला तयार नाही.

दुसऱ्या बाजूलाही थोडं सुनवायला हवं. इंग्रजी नको म्हणताच काही मित्र ‘यवसुरा’ घेऊन धावत येतात. त्यांना नमस्कार. एल ही एलच राहू दे, बिअर ही बिअरच. वस्तूचं नाव वस्तूबरोबर येतं, कॉफी आली तशी. प्रश्न नावाचा नाही, जिभेवर काय घडतं त्याचा आहे. ते सांगायला संस्कृत कोश उघडावा लागत नाही, फडताळ उघडावं लागतं. आणि ‘उंची मद्याचा दैवी आस्वाद’ लिहिणाऱ्यांनाही तेच सांगणं आहे: दैवी म्हणजे न चाखलेलं.

अनुवादकाकडून माझी अपेक्षा साधी आहे. चव लिहायची असेल तर आधी चाखा. चाखता येत नसेल तर हुंगा. मामींनी तेवढंच केलं. मग घरात तो वास कुठे भेटला होता ते आठवा, आणि तो शब्द लिहा, मग तो गोठ्यातला का असेना. मूळ लेखकाने त्याच्या म्हाताऱ्याला त्याच्याच गावचे वास दिले आहेत. माझ्या वाचकाला त्या म्हाताऱ्याजवळ बसवायचं तर त्यालाही त्याच्या गावचे वास द्यायला हवेत. ‘कॅरॅमल’ वाचून मराठीत कोणाला गेलेली बायको आठवणार नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी बाटली संपवायला दीड तास घेतला. पहिला घोट गोड वाटला, मग मनुका, मग आढी, मग लवंगेची हलकी चुणचुण. गिळल्यावर गोडी सरली आणि मागे कडसर, कोरडी चव रेंगाळली. छातीत ऊब आली ती सावकाश, चुलवाणापासून दोन हात लांब बसल्यासारखी. ग्लासाच्या कडेला फेसाची जाळी वाळली. मला काका आठवले. त्यांना ती हुंगायला द्यायची होती. त्यांनी डोळे मिटून ‘आला’ म्हटलं असतं की ‘पुढे गेला’, एवढंच मला विचारायचं होतं.

कथा आता पुस्तकात येते आहे. काकवी, आढी आणि मुरलेली हे तिन्ही शब्द मी परत घातले आहेत. संपादकांना नवी प्रत पाठवताना समासात, त्यांच्या पेन्सिलीच्या ओळीखाली, शाईने लिहिलं: ‘या चवी घरातच शिकले. तुमच्याही घरात असतील. फडताळ उघडून बघा.’